बाणाची दिशा

14 नोव्हेंबर 2025, शुक्रवार

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचे नियम आले. राजपत्राची पीडीएफ सकाळपासून चौघांनी पाठवली. चौघांपैकी एकानेही वाचलेली नाही. कायदा ऑगस्ट 2023 चा, नियम आत्ता. मंडळाची कलमं लगेच लागू, संमती व्यवस्थापकांची वर्षाने, आमच्या कामाची जवळजवळ सगळी अठरा महिन्यांनी. म्हणजे मे 2027.

सरांनी बोटांवर महिने मोजले. म्हणाले, "वेळ आहे मग."

17 नोव्हेंबर, सोमवार

तक्रार आली. हेल्पडेस्कने इकडून तिकडे टोलवून शेवटी माझ्या टेबलावर टाकली.

एका बाईंनी ऑगस्टमध्ये आमच्या लॅबच्या कलेक्शन सेंटरवर जाऊन मोबाइल नंबर बदलून घेतला. फॉर्म आहे, सही आहे, शिक्का आहे. परवा त्यांचा रिपोर्ट तयार झाल्याचा मेसेज जुन्या नंबरवर गेला. जुना नंबर सासरचा. त्या आता तिथे राहत नाहीत. मेसेजमध्ये लिंक होती. ज्याच्या हातात फोन, त्याला उघडते. उघडली.

नाव इथे लिहीत नाही. टेस्ट नाही, गाव नाही. ही तीन एकत्र आली की माणूस सापडतो. कोल्हापूर जिल्हा, एवढं पुरे.

आवाज अजिबात चढला नाही त्यांचा. "मॅडम, मी नंबर बदलला होता ना?" हेच परत परत. जणू त्यांनाच खात्री हवी होती.

18 नोव्हेंबर

एलआयएसमध्ये, म्हणजे लॅबच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, नंबर नवीन. ऑगस्टमध्येच बदललाय, काउंटरच्या लॉगिनने. बिलिंगमध्ये नवीन. सीआरएममध्ये नवीन. आमच्या एसएमएसच्या नोंदीत त्या दिवशीचा मेसेज नव्या नंबरवर गेलेला, पोचलेला.

म्हणजे मेसेज दोन गेले. दुसरा कुणी पाठवला?

19 नोव्हेंबर

प्रायव्हसीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिनिएज उघडलं, म्हणजे माहिती कुठून कुठे जाते त्याचा नकाशा. हे सॉफ्टवेअर आम्ही आपल्या पेशंटसाठी घेतलेलंच नाही. एका जर्मन कंपनीच्या क्लिनिकल ट्रायलचे नमुने इथे तपासले जातात, त्यांनी अट घातली. युरोपच्या जीडीपीआरचं तिसावं कलम: कुठली माहिती, कशासाठी, कुणाकडे जाते, किती दिवस ठेवता, सगळ्याची नोंद हवी. मग घेतलं.

त्यामुळे ट्रायलचा भाग बघण्यासारखा आहे. प्रत्येक असेटची चौकट, प्रत्येक कामाची चौकट, व्हेंडर, सर्व्हर कुठल्या देशात, सगळ्यांत बाण. बाणावर क्लिक केलं की कुठकुठली माहिती जाते त्याची यादी. गेल्या महिन्यात तपासल्याची तारीखसुद्धा.

खाली कोपऱ्यात आपला महाराष्ट्र. एक चौकट: 'कलेक्शन सेंटर्स'. सगळी सेंटर्स त्या एका चौकटीत. नाशिक तीच, सांगली तीच, कोल्हापूरही तीच. बाण एक, एलआयएसकडे जाणारा. परत येणारा एकही नाही. जणू सेंटरवर रिपोर्टची प्रिंट कधी निघतच नाही.

20 नोव्हेंबर

डोकं दुखतंय. हवा बदलली.

21 नोव्हेंबर, शुक्रवार

त्या बाईंकडे मेसेज नाही, तो सासरच्या फोनवर. मग कळलं कसं? नणंदेने गुपचूप स्क्रीनशॉट पाठवला. तो त्यांनी मला पुढे पाठवला.

मजकूर जवळपास आपलाच. पाठवणाऱ्याचं नाव मात्र आपलं नाही. सहा अक्षरं वेगळी, शेवटी '-एस'. ट्रायच्या नियमाने धंद्याचा मेसेज पाठवणाऱ्या प्रत्येकाला हेडर आणि मजकूर दोन्ही आधी नोंदवावे लागतात. हेडर कुणाचं ते ट्रायच्या पोर्टलवर कुणालाही बघता येतं. मी ते आजवर फक्त कर्जवाल्यांच्या मेसेजसाठी वापरलं होतं.

हेडर निघालं घरी येऊन रक्त नेणाऱ्या एजन्सीचं. आमचीच एजन्सी. नकाशात आहे. रिपोर्ट पाठवणं हे त्यांचं काम म्हणून कुठेच नाही.

24 नोव्हेंबर, सोमवार

एजन्सीची चौकट नीट वाचली. एलआयएसकडून त्यांच्या ॲपकडे बाण. बाणावरची यादी: नाव, पत्ता, यायची वेळ. मोबाइल नंबरवर टिक नाही.

होम व्हिजिटला निघालेल्या पोराकडे नंबर नाही? "ताई, कुठल्या गल्लीत वळू?" हा फोन तो करतो कुठून?

यादी आली प्रश्नावलीतून. 2023 मध्ये प्रत्येक विभागाला पाठवली होती, भरून आली, उत्तरं तशीच्या तशी नोंदीत उतरली. ऑपरेशन्सच्या ज्या मॅनेजरने भरली ते आता दुसरीकडे आहेत. नोंदीच्या 'मालक' या रकान्यात अजून त्यांचाच ईमेल. मुदत संपल्याची आठवण सॉफ्टवेअर दर तिमाहीला पाठवतं, त्या बंद पडलेल्या ईमेलवर.

सॉफ्टवेअरने केलं ते बरोबरच केलं. जे सांगितलं ते काढलं. डेटा खरंच कुठून कुठे जातो हे त्याला कुणी दाखवलेलं नाही. लोकांनी काय सांगितलं त्याचा हा नकाशा.

25 नोव्हेंबर

एजन्सीला फोन. "आमच्याकडून मेसेज जातो मॅडम, फ्री फीचर आहे. पेशंटला आवडतं." कुणी मागितलं होतं? "बहुतेक तुमच्याकडूनच कुणीतरी."

27 नोव्हेंबर, गुरुवार

आयटीतला मुलगा बसला माझ्याबरोबर. हुशार आहे, बोलताना पेन फिरवतो, लक्ष जातं.

त्याने उलटं शोधलं. मेसेजपासून मागे. एजन्सी जोडली तेव्हा पेशंटची आख्खी यादी त्यांना एका फाइलमध्ये दिली होती. त्यानंतर रोज रात्री फक्त नवे पेशंट जातात. जुन्या पेशंटमध्ये काही बदललं तर ते जात नाही. त्यासाठी वाटच बांधलेली नाही. रिपोर्टवर डॉक्टरांची मंजुरी पडली की एलआयएस एजन्सीला इशारा पाठवतं. इशाऱ्यात फक्त पेशंट क्रमांक. ॲप तो क्रमांक स्वतःच्या प्रतीत शोधतं, तिथला नंबर उचलतं, मेसेज सोडतं.

म्हणजे मूळ जागी दुरुस्ती झाली, प्रत जुनीच. आणि प्रतीवरून निर्णय.

"किती पेशंटचे नंबर असे जुने असतील?" विचारलं. त्याने पेन ठेवलं. म्हणाला, दोन्ही याद्या जुळवल्याशिवाय सांगता येणार नाही.

28 नोव्हेंबर

याद्या जुळवायला परवानगी हवी. परवानगीसाठी फॉर्म. फॉर्मसाठी सर. सर रजेवर.

30 नोव्हेंबर, रविवार

आईला ऑफिसातलं सांगत होते, अर्थात नावं गाळून. ती म्हणाली, म्हणजे हेळव्यासारखं काम तुझं.

आजोळी गडहिंग्लजकडे सुगी झाली की हेळवी यायचा. अंगणात बसून घराण्याची वंशावळ वाचायचा, खापरपणजोबापासून. मला कंटाळा यायचा. आता आठवतं ते वेगळंच: वाचून झालं की तो विचारायचा. कोण जन्मलं, कोण गेलं, सून कुठली आणली, लेक कुठे दिली, वाटण्या झाल्या का. ते लिहून घेतल्यावरच धान्य घेऊन उठायचा. दारात येऊन विचारायचा, घराचा एक माणूस समोर असायचा.

आमची प्रश्नावली 2023 नंतर कुणाच्या दारात गेलेली नाही.

2 डिसेंबर, मंगळवार

नगरपरिषदांचं मतदान. कोल्हापूरकडचं सेंटर बंद, त्यामुळे तिथे जायचं लांबलं.

आईच्या फोनवर कुण्या उमेदवाराचा प्रचाराचा कॉल. आई पुण्यात राहते, मतदान पुण्यात, उमेदवार तिच्या माहेरचा. नंबर कुठून गेला असेल? सोसायटीचं गेटवरचं रजिस्टर, मॉलमधली लकी ड्रॉची चिठ्ठी, गावच्या पतसंस्थेचा फॉर्म. इथे बाण काढायला बसलं तर जन्म जाईल.

4 डिसेंबर, गुरुवार, कोल्हापूर

एसटीने आले. कराडजवळ रस्त्याचं काम, वळणावर वळणं.

सेंटर म्हणजे दोन खोल्या आणि एक फ्रीज. काउंटरवरच्या काकू सुरुवातीपासून इथे. मी हेड ऑफिसची म्हटल्यावर आधी चहा, मग संशय. ऑगस्टमधला फॉर्म त्यांनीच भरून घेतलेला. "नंबर तेव्हाच बदलला हो मी. अगदी बाई समोर असताना." खरं आहे. लॉगमध्ये आहे.

मग त्यांनी मला जे दाखवलं ते कुठल्याच नकाशात नाही. इथे एका नंबरवर घर असतं. सासू, सासरे, मुलगा, सून, नातवंडं, सगळ्यांची नोंदणी एकाच मोबाइलवर. फोन घरात एकाकडे, बहुधा थोरल्या मुलाकडे. मेसेज आला की तो ओरडून सांगतो कुणाचा रिपोर्ट आला ते. बहुतेकांना हे सोयीचं आहे. सासूबाईंना लिंक उघडता येत नाही, मुलगा उघडून देतो. हे चुकीचं आहे म्हणून बंद करा असं मी म्हटलं तर त्या म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट कोण वाचणार?

आणि एखादीच बाई असते जिला त्या फोनपासून लांब जायचं असतं.

तो जुना नंबर पुसून टाका, असं सरळ सांगता येत नाही. त्यावर सासूबाई आहेत. त्यांची शुगर दर महिन्याला इथे तपासतात.

4 डिसेंबर, रात्री, लॉजवर

अजून एक. काकूंच्या कॉम्प्युटरवर एक्सेलची फाइल. 'रेग्युलर पेशंट'. नाव, नंबर, कधी यायचं, काय तपासायचं. दर महिन्याला त्या स्वतः फोन करतात, "या हो, तारीख झाली." ही फाइल कुणी करायला सांगितलेली नाही. काकूंनी मायेने केलेली आहे. पेशंट त्यांना दिवाळीत चकल्या आणून देतात.

फाइलमध्ये त्या बाईंचं नाव होतं. जुन्या नंबरसमोर.

फाइल बंद करा म्हणाले नाही. पासवर्ड घातला, त्यांच्यासमोर. त्या बाईंची ओळ काढली. नकाशात नवी चौकट टाकणार: असेट, एक्सेल, मालक काउंटर. काकूंना विचारलं तुमचं पद लिहू का. म्हणाल्या, "लिहा की. म्हणजे कुणी विचारायला तर येईल."

9 डिसेंबर, मंगळवार

सरांशी वाद. आवाज दोघांनीही चढवला नाही, हेच काय ते.

त्यांचं म्हणणं: एजन्सीने केलं, आपण नाही. दुसरं: कलमं मे 2027 ला लागू, आज 'ब्रीच' हा शब्द कागदावर कशाला.

माझं: कायद्यात आठव्या कलमाची सुरुवातच ती आहे. माहिती ज्याने गोळा केली जबाबदारी त्याची, पुढे कुणाकडून काम करून घेतलं तरी. करारात काहीही लिहा. आणि त्याच कलमात पुढे: माहिती वापरून माणसाबद्दल निर्णय होणार असेल तर ती पूर्ण, अचूक, एकमेकींशी जुळती हवी. आमची प्रत मूळ नोंदीशी जुळत नव्हती. शिवाय नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क म्हटलं ते ऑगस्ट 2017 मध्ये. त्याला मे 2027 ची मुदत कुणी घातली?

सर म्हणाले, "तू कोर्टात नाहीस." बरोबर आहे. मी फक्त घटनांच्या रजिस्टरमध्ये नोंद केली. नोंदीचा प्रकार निवडताना ड्रॉपडाउनमध्ये दोन पर्याय: 'त्रुटी', 'अनधिकृत उघड होणे'. दुसरा निवडला. सरांना प्रत पाठवली. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण बदललंही नाही.

10 डिसेंबर

याद्या जुळवायची परवानगी मिळाली. सरांनीच दिली. माणूस वाईट नाही.

12 डिसेंबर, शुक्रवार

दिवसभर बाण.

नोंदी जोडताना सॉफ्टवेअर विचारतं: नातं कुठलं? पाठवतो, मिळवतो, साठवतो, वापरतो. आणि सगळ्यांत वर, आधीच निवडलेलं: 'संबंधित'. लोक घाईत तेच ठेवतात. 'संबंधित' जोडणीला दिशा नसते. चित्रात रेघ दिसते, देखणी दिसते, पण माहिती इकडून तिकडे गेली की तिकडून इकडे, सांगत नाही. ऑडिटरला दाखवायला पुरते. नंबर कुठून गळला ते शोधायला काही उपयोगाची नाही.

महाराष्ट्राच्या भागातल्या बहुतेक रेघा 'संबंधित' निघाल्या.

एकेक उघडून दिशा देतेय. बाणावर तीन गोष्टी लिहायच्या असं ठरवलं: कुठली माहिती, कधी जाते, बदल झाला तर तो मागोमाग जातो का. तिसऱ्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये रकाना नाही. शेरा म्हणून टाकतेय. खरं तर सगळ्यांत महत्त्वाचा तोच.

'कलेक्शन सेंटर्स' ही चौकट फोडली. आता प्रत्येक सेंटर वेगळं. पसारा झालाय. चालेल.

15 डिसेंबर, सोमवार

याद्या जुळवून झाल्या. आकडा इथे लिहीत नाही. सरांना दाखवला तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले.

16 डिसेंबर

एजन्सीला पत्र. मेसेज तूर्त बंद. त्यांनी 'टिकट रेज केलं'.

19 डिसेंबर

टिकट अजून रेजच आहे.

22 डिसेंबर, सोमवार

मेसेज बंद झाले. त्यांच्यामुळे नाही. आयटीतल्या मुलाने आपल्या बाजूने इशारा पाठवणंच थांबवलं. म्हणाला, "मॅडम, नळ आपल्याकडेच होता."

दुसरं कामही त्याने केलं: आपल्या लिंकला आता जन्मतारीख लागते. घरातल्याला घरातल्याची जन्मतारीख माहीत असते, हे त्यालाही कळतं, मलाही. ओटीपी लावला तर सासूबाईंचं काय, यावर दोघं अर्धा तास बोललो. शेवट असा: नोंदणीच्या वेळी विचारायचं. 'रिपोर्ट घरच्या नंबरवर चालेल, की फक्त तुमच्या?' फॉर्मवर एक ओळ. इतक्या वर्षांत ही ओळ नव्हती.

26 डिसेंबर

ऑफिस रिकामं. जर्मन कंपनीचा मेल, नाताळच्या शुभेच्छा आणि खाली चौकशी: वार्षिक नोंदी अद्ययावत आहेत का? त्यांच्या आहेत.

29 डिसेंबर, सोमवार

त्या बाईंचा अर्ज आला. माहिती पुसून टाका. सगळी. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: 'नको'.

मी गृहीत धरलं होतं की दुरुस्ती झाली म्हटल्यावर त्यांना बरं वाटेल. फोन करावासा वाटला. केला नाही. अर्ज म्हणजे उत्तरच आहे.

31 डिसेंबर

पुसायचं म्हणजे बाणांवरून पुढे पुढे जायचं, शेवटच्या चौकटीपर्यंत. दोन महिन्यांपूर्वी अर्ज आला असता तर एलआयएस, बिलिंग, सीआरएम करून 'पूर्ण' म्हणून बंद केला असता आम्ही. एजन्सीची प्रत राहिली असती, काकूंची फाइल राहिली असती. आणि पूर्ण झाल्याचं पत्र गेलं असतं, लेटरहेडवर.

2 जानेवारी 2026, शुक्रवार

बिल पुसता येत नाही. कंपनी कायद्याने हिशेबाची कागदपत्रं 8 वर्षं ठेवावी लागतात. बिलावरचा नंबर काढला, नाव आणि रक्कम ठेवली. टेस्टचं नाव बिलावर असतं. त्याच्या जागी कोड चालतो का, अकाउंट्सला विचारलं. आधी नाही म्हणाले. दुपारी हो म्हणाले.

बॅकअप: एकेक नोंद काढता येत नाही, मुदत संपली की आख्खा जातो. तोवर कुणी बॅकअप परत चढवला तर त्या बाई परत येतील. चढवणाऱ्याने आधी बघायची यादी केली. त्या यादीत फक्त पेशंट क्रमांक ठेवला.

5 जानेवारी, सोमवार

एजन्सीचं लेखी उत्तर: पुसलं. पुरावा मागितला. स्क्रीनशॉट आला, 'नोंद सापडली नाही'. आपल्या मुलाने त्यांच्यासमोर शोधून बघितलं. खरंच सापडली नाही.

7 जानेवारी

28 जानेवारीच्या डेटा प्रायव्हसी दिनासाठी पोस्टर हवंय. युरोपातला करार 1981 मध्ये त्या तारखेला सह्यांसाठी खुला झाला, म्हणून तो दिवस. एचआरने नमुना पाठवला: निळं कुलूप, मागे एक-शून्य. मी सुचवलं, नोंदणी फॉर्मवरची नवी ओळ मोठ्या अक्षरात छापा आणि प्रत्येक सेंटरच्या काउंटरवर लावा, मराठीत. एचआर म्हणाले, बघू. कुलूप छान दिसतं म्हणाले.

9 जानेवारी, शुक्रवार

त्या बाईंना पत्र. माहिती कुणाकुणाकडे गेली होती त्यांची नावं लिहिली. अकराव्या कलमात तो हक्क आहे, लागू व्हायचा असला तरी. कुठून पुसलं, कुठे बिल ठेवलं, का ठेवलं, बॅकअप कधी जाणार. शेवटी एक वाक्य: नोव्हेंबरमध्ये जुन्या नंबरवर गेलेला मेसेज आम्हाला परत घेता येत नाही. त्यातली लिंक बंद केली आहे. रिपोर्ट कुणी उतरवून घेतला असेल, तर ती प्रत आमच्या हातात नाही.

सरांनी शेवटचं वाक्य लाल पेनाने खोडलं. कारण विचारलं. म्हणाले, वकिलाला विचारायला हवं. मी म्हटलं, विचारा. वकील म्हणाल्या, राहू दे.

पत्र कुठल्या पत्त्यावर पाठवायचं? आमच्याकडे होता तो जुना, आणि तोही आता पुसलेला. अर्जावर नवा आहे. स्पीड पोस्टाने, त्याच पत्त्यावर. पाकिटावर लॅबचं नाव नाही.

12 जानेवारी, सोमवार

पोच आली. सही त्यांचीच.

महाराष्ट्रातल्या बावीस सेंटर्सच्या नोंदींत 'मालक' हा रकाना अजून रिकामा आहे. उद्या सांगलीपासून फोन सुरू.